पंचनाम्याच्या आधी दारात येणारे कोणीतरी हवे

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग,
मा. सचिव, मदत व पुनर्वसन विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय: आत्महत्या प्रतिबंधाविषयी संशोधनातून हाती आलेले ज्ञान गावपातळीवर कायमस्वरूपी अमलात आणण्याबाबत.

महोदय,

आमच्या भागात एखाद्या शेतकऱ्याचा आत्महत्येने मृत्यू झाला, की शासन दारात येते. पोलीस पाटील ठाण्याला कळवतात, पंचनामा होतो, तलाठी सातबारा आणि आठ-अ काढतात, बँकेकडून किंवा सोसायटीकडून थकबाकीचा दाखला मागवला जातो, आणि काही आठवड्यांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरवते. पात्र ठरले तर २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे एक लाख रुपये मिळतात. त्यांतले ३०,००० हातात आणि ७०,००० ठेवीत. या कामात कोणी काय करायचे आणि कोणता कागद कोणाकडून कोणाकडे जायचा, हे इतके पक्के ठरलेले आहे की ज्या गावाने असे दोन-तीन मृत्यू पाहिले आहेत, तिथल्या दहावीतल्या मुलालाही ते तोंडपाठ असते. त्याच घरात, तो माणूस जिवंत असताना, पुन्हा पुन्हा जाऊन त्याची विचारपूस करणे हे मात्र गावपातळीवर कोणाचेही नेमून दिलेले आणि पगारी काम नाही. हे पत्र मी त्या एका रिकाम्या जागेविषयी लिहीत आहे, आणि ती जागा भरायची कशी हे आता अज्ञात राहिलेले नाही, हे मला आपल्यासमोर मांडायचे आहे.

माझ्याविषयी थोडक्यात सांगते. मी समाजकार्याची पदवीधर असून अमरावती आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांतल्या गावांत एका संस्थेच्या प्रकल्पात काही वर्षे समुपदेशक म्हणून काम केले. प्रकल्पाचा निधी संपला तेव्हा एका दुपारी आम्ही सगळ्या जणींनी आपापली नोंदणी रजिस्टरे खोक्यांत भरून कार्यालयात जमा केली. ज्या घरांची पुढची भेट ठरलेली होती, त्या घरांना काय सांगायचे याची कोणतीही सूचना आम्हाला मिळाली नाही. निधी संपला याबद्दल मी त्या संस्थेला दोष देत नाही; ज्या कामाचे आयुष्य निधीच्या मुदतीवर टांगलेले असते, त्याचा शेवट असाच होतो. परंतु ज्या घरात आपण सात वेळा गेलो आणि आठव्या वेळी जाऊ शकलो नाही, ते घर विसरता येत नाही, आणि त्यामुळेच मी हे लिहायला बसले आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ जणांचा आत्महत्येने मृत्यू झाला. त्यांपैकी २२,७४६ मृत्यू महाराष्ट्रातले होते, आणि हा आकडा कोणत्याही राज्यापेक्षा मोठा आहे. प्रत्यक्षात संख्या याहून अधिक असणार, असे मानायला आधार आहे. २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी मृत्यू सर्वेक्षणावरील अभ्यासाने २०१० या वर्षातल्या आत्महत्यांचा अंदाज सुमारे १,८७,००० इतका दिला होता, आणि त्याच वर्षीची पोलिसांची नोंद १,३५,००० च्या आसपास होती. ही तफावत कुठून येते, हे गावात राहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. ‘फवारताना पोटात गेले’, ‘चुकून औषधाची बाटली उचलली’, ‘विहिरीवर पाय घसरला’ ही वाक्ये आम्ही अनेक घरांत ऐकली. ती बोलणारी माणसे खोटारडी नसतात. पोलिसांची, गावाची आणि मुलीच्या लग्नाची काळजी त्यांच्या तोंडून तसे बोलवून घेते.

आता संशोधन काय सांगते, याकडे येते. आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेल्या माणसाला पुढच्या काही महिन्यांत सर्वाधिक धोका असतो, हे जगभर मान्य झालेले आहे. याच काळाविषयी जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या पाच ठिकाणी एक चाचणी घेतली, आणि त्यांतले एक ठिकाण आपले चेन्नई होते. रुग्णालयात आलेल्या १,८६७ जणांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांशी घरी सोडण्याच्या सुमारास साधारण तासभर निवांत बोलण्यात आले, आणि पुढच्या अठरा महिन्यांत ठरलेल्या तारखांना नऊ वेळा फोनवर किंवा घरी जाऊन त्यांची विचारपूस केली गेली. पहिली भेट पहिल्याच आठवड्यात, मग दुसऱ्या, चौथ्या, सातव्या आणि अकराव्या आठवड्यात, आणि त्यानंतर चौथ्या, सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या महिन्यात, असा तो क्रम होता. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात २.२ टक्के जणांचा पुढे आत्महत्येने मृत्यू झाला होता, तर भेटी मिळालेल्या गटात हे प्रमाण ०.२ टक्के होते. या पद्धतीत महागडे यंत्र नाही, नवे औषध नाही, आणि एका तालुक्याला ती चालवायला प्रशिक्षण घेतलेल्या दोन परिचारिका, एक दुचाकी आणि एक नोंदवही पुरेल. इतकी स्वस्त गोष्ट इतकी वर्षे आमच्या ग्रामीण रुग्णालयांच्या दारापर्यंत का पोहोचली नाही, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही.

ही चाचणी माझ्या वाचनात येण्यापूर्वी तिचा अर्थ मला एका बाईकडून कळला होता. तिचे नाव, गाव, जात यांपैकी काहीच मी इथे सांगणार नाही. ग्रामीण रुग्णालयातून तिला सहाव्या दिवशी घरी सोडले, तेव्हा सुटीच्या कार्डावर गोळ्यांची नावे होती आणि ‘पुन्हा दाखवणे’ या ओळीपुढची जागा कोरी होती. मी तिच्याकडे गेले ते खरे तर शेजारच्या घरचे काम संपवून, वाटेत. पहिल्या दोन भेटींत ती जवळजवळ बोललीच नाही. मरणाविषयी मी तिला सरळ विचारले, कारण असे विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जात नाही, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवले होते आणि ते खरे आहे. तिने मान हलवली आणि विषय तिथेच राहिला. तिसऱ्या भेटीत तिने रेशन कार्डावरून आपले नाव कसे कमी झाले ते सांगितले. चौथ्या भेटीत आम्ही संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरायला बसलो आणि उत्पन्नाच्या दाखल्याची अट वाचून दोघीही गप्प झालो. पाचव्या भेटीला तिने माझ्यासाठी चहा ठेवला होता आणि खासगी वित्त कंपनीचा वसुलीवाला दर सोमवारी ओसरीवर येऊन बसतो, हे पहिल्यांदा सांगितले. आमच्या भेटींचा ऐवज म्हणायचा तर एवढाच होता. कागद, रेशन, हप्ता आणि पुढच्या भेटीची तारीख. ज्या गोष्टींना आपण ‘मानसिक आरोग्य’ हे नाव देतो, त्या गोष्टी तिच्या आयुष्यात याच कागदांच्या आड उभ्या होत्या.

या कामाच्या वाटेतला एक अडसर कायद्याने दूर केला आहे, पण व्यवहाराने तो जागेवरच ठेवला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायचे आहे आणि तिला काळजी, उपचार व पुनर्वसन पुरवणे ही शासनाची जबाबदारी आहे. पुढे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि भारतीय दंड संहितेतले जुने ३०९ कलम तिच्यात राहिले नाही. तरीही अपघात विभागात आलेल्या माणसाची ‘एमएलसी’, म्हणजे पोलिसांना कळवायचे प्रकरण म्हणून नोंद होते, ठाण्यातून हवालदार जबाब घ्यायला येतो, आणि घरच्यांना अजूनही वाटते की खरे सांगितले तर गुन्हा लागेल. ज्या समाजांच्या कपाळावर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ‘गुन्हेगार’ असा शिक्का मारला आणि जो शिक्का कायद्यातून पुसायला १९५२ साल उजाडावे लागले, त्या पारधी बेड्यांवर तर खाकी कपडे दिसताच रुग्णाला अर्ध्या उपचारावर उचलून घरी नेतात. रुग्णालयाच्या भिंतीवर ‘येथे खरे सांगितल्याने गुन्हा दाखल होत नाही’ असे मोठ्या अक्षरांत आणि सोप्या मराठीत लिहून लावण्यासाठी वेगळा निधी लागणार नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि ठाणे अंमलदारांना एक संयुक्त परिपत्रक पुरेल.

दुसरी गोष्ट विदर्भातलीच आहे, आणि ती अधिक अभिमानाने सांगावी अशी आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम अठरा महिने राबवला गेला आणि त्याचे मोजमाप २०१७ साली ‘लॅन्सेट सायकायट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गावातलेच आरोग्य कार्यकर्ते लोकांशी बोलत, लहान बैठका घेत. त्यांच्याहून अधिक प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक नैराश्याच्या माणसांना काही सत्रे देत. आणि ज्यांना औषधांची गरज असे, त्यांना मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत पोहोचवले जाई. कार्यक्रमाच्या आधी नैराश्य असलेल्या शंभरांपैकी जेमतेम चार जण कोणाकडे तरी उपचारासाठी जात होते. नंतर हे प्रमाण २७ वर गेले. नैराश्याचे प्रमाण १४.६ टक्क्यांवरून ११.३ टक्क्यांवर आले आणि गेल्या वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आला असे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर उतरले. हा अभ्यास आधीचे आणि नंतरचे सर्वेक्षण यांच्या तुलनेवर उभा होता, त्यात तुलनेसाठी वेगळी गावे नव्हती, त्यामुळे सगळा बदल या कार्यक्रमामुळेच झाला असा दावा मी करणार नाही. पण चारावरून सत्तावीसवर जाणे हे माणसे बोलायला तयार असल्याचे चिन्ह आहे. ‘खेड्यातली माणसे मनाचे बोलत नाहीत’ हे वाक्य बैठकांमध्ये मी इतक्यांदा ऐकले आहे की हा आकडा त्याच्यापुढे ठेवल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

माणसे बोलतात, फक्त आपल्या शब्दांत बोलतात. ‘नैराश्य’ हा शब्द आमच्या गावांत कोणी उच्चारत नाही. ‘मन लागत नाही’, ‘टेन्शन आहे’, ‘रात्रभर डोळ्याला डोळा नाही’, आणि आमच्या वऱ्हाडीत, ‘मले काही सुधरून नाही राह्यलं’, म्हणजे मला काही सुचेनासे झाले आहे. या शेवटच्या वाक्यात नैराश्याच्या प्रश्नावलीतले निम्मे प्रश्न येऊन जातात. शेजारच्या गोव्यात याच दिशेने झालेला प्रयोग अधिक काटेकोर होता. तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराचे कोणतेही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ सत्रे दिली. मन मेल्यासारखे झालेल्या माणसाला त्याची बंद पडलेली छोटी छोटी कामे एकेक करून पुन्हा सुरू करायला लावणे, हा त्या सत्रांचा गाभा होता. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, तर ज्यांना ही सत्रे मिळाली नव्हती त्या गटात ३९ टक्के. हेही २०१७ साली प्रसिद्ध झाले. नाशिक जिल्ह्यातल्या गावांत सुरू झालेला ‘आत्मीयता’ हा पुण्याच्या सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसीचा उपक्रम पुढे गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर राबवला गेला. त्याचे वैशिष्ट्य असे की गावातलेच स्वयंसेवक शेजाऱ्याचे ऐकूनही घेतात आणि त्याला शासकीय योजनेच्या खिडकीपर्यंतही नेतात. आपल्या मातीत रुजलेली गोष्ट आपल्याच राज्याने कायमची का स्वीकारू नये?

या ठिकाणी, ज्यांच्यापर्यंत काहीच पोहोचत नाही ती माणसे कोण, हे नीट पाहायला हवे; कारण ‘वंचित’ हा शब्द शासन निर्णयांत इतका वापरला जातो की त्यातली माणसे दिसेनाशी होतात. सातबारा नावावर नसलेला माणूस शासनाच्या लेखी शेतकरी ठरत नाही. जो मक्त्याने, म्हणजे दुसऱ्याची जमीन भाड्याने घेऊन, दहा एकर करतो, बियाणे-खत कृषी केंद्रातून उधारीवर उचलतो आणि सावकाराकडून हातउसने घेतो, तो जगत असताना पीककर्जाच्या बाहेर असतो आणि मेल्यावर ‘अपात्र’ असतो. ज्या बाईचे अख्खे आयुष्य निंदणीत आणि वेचणीत गेले, तिच्या नावापुढे पोलीस ‘गृहिणी’ लिहितात. २०२२ च्या आकड्यांत आत्महत्येने गेलेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक ‘गृहिणी’ आहेत, आणि त्यांच्यात शेतात राबणाऱ्या किती होत्या हे कोणालाही सांगता येणार नाही. त्याच वर्षी देशातल्या एकूण आत्महत्यांपैकी २६ टक्क्यांहून अधिक रोजंदारीवर काम करणाऱ्यांच्या होत्या. शेतीशी संबंधित ११,२९० मृत्यूंमध्येही शेतमजुरांची संख्या शेतकऱ्यांपेक्षा जास्त होती. तरीही आपली सगळी चर्चा, आपल्या समित्या आणि आपली मदत जमिनीच्या तुकड्याला बांधलेली आहे. बीडहून कोयता घेऊन निघालेले जोडपे मुकादमाची उचल अंगावर घेऊन पाच-सहा महिने साखर कारखान्याच्या फडावर असते; त्याच्या गावातल्या आशाताईंच्या यादीत ते ‘स्थलांतरित’ एवढ्याच शेऱ्याखाली उरते. आणि आमच्याच जिल्ह्यातल्या कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, प्रमाण मराठीतली प्रश्नावली घेऊन गेले की समोरची म्हातारी हसून मान हलवते, आणि आपण त्या हसण्याची नोंद ‘काही त्रास नाही’ अशी करून परत येतो. मी स्वतः तशी नोंद केली आहे. पुढच्या वेळी कोलामी बोलणाऱ्या मुलीला सोबत नेले, तेव्हा त्याच म्हातारीने सलग पाऊण तास तिच्या गेलेल्या मुलाविषयी सांगितले.

शासनाने काही केलेच नाही, असे मी म्हणत नाही. २०१५ साली विदर्भ आणि मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू झाला, तो शेतकरी कुटुंबांसाठी समुपदेशनाचीच योजना होता, आणि त्यात आशा स्वयंसेविकांनी घरोघरी जाऊन ताणाची पाहणी करायची होती. कल्पना योग्य होती. पण आशाताई आधीच गरोदर मातांची नोंद, लसीकरण, क्षयरोग, डेंग्यू, आयुष्मान कार्ड आणि आणखी डझनभर कामांच्या यादीखाली दबलेल्या आहेत; त्या कर्मचारी नव्हेत, ‘स्वयंसेविका’ आहेत, आणि त्यांना मिळतो तो बराचसा कामागणिक मोबदला. अशा बाईच्या हातात आणखी एक प्रश्नावली दिली, की प्रश्नावली भरून येते. भेट होत नाही. घरातल्या माणसाने ‘हो, मला जगावेसे वाटत नाही’ असे सांगितल्यावर तिने कोणाकडे जायचे, किती वेळात, आणि त्या माणसाकडे पुन्हा कधी यायचे, हे तिला कोणीही नीट सांगितलेले नसेल, तर ती तो प्रश्न विचारायचा टाळते. मीही टाळला असता.

दूरध्वनीचेही तसेच. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘टेली मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही मिळते. हे पत्र वाचणाऱ्या कोणाला जगणे असह्य झाले असेल, तर त्यांनी आज, आत्ता तो क्रमांक लावावा आणि जवळच्या एका तरी माणसाला शेजारी बसवून घ्यावे, अशी माझी मनापासूनची विनंती आहे. पण जिच्या घरातला एकमेव मोबाईल नवऱ्याच्या खिशात असतो, ती कुठून फोन लावणार? फोन ही सेवा ज्याला मदत मागता येते त्याच्यासाठी आहे. ज्याला मागता येत नाही, त्याच्याकडे कोणाला तरी पायी जावे लागते.

कीटकनाशकांविषयी थोडेच लिहिते, कारण इथला पुरावा सर्वांत स्पष्ट आहे. घरोघरी कुलूपबंद पेट्या वाटाव्यात, ही सूचना दर काही वर्षांनी पुढे येते आणि ऐकायला ती शहाणपणाची वाटते. श्रीलंकेत १८० गावांत तिची काटेकोर चाचणी झाली, आणि पेट्या मिळालेल्या व न मिळालेल्या गावांत फरक आढळला नाही. त्याच श्रीलंकेने सर्वाधिक जहाल कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बाजारातूनच काढून टाकली, तेव्हा १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथला आत्महत्येचा दर सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला, आणि शेतीचे उत्पादन त्यामुळे घसरल्याचे दिसले नाही. यामागचे कारण साधे आहे: मरणाची ती ओढ बहुतेकदा काही तासांची असते, आणि तेवढ्या वेळात हाताशी जहाल विष नसेल तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक पुढे जगतात. कीटकनाशक कायदा, १९६८ खाली राज्याला मर्यादित दिवसांचीच बंदी घालता येते, हे मला माहीत आहे; यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणीतल्या विषबाधांनी शेतकरी-मजुरांचे बळी घेतले, तेव्हा राज्याने तो अधिकार वापरलाही होता. कायमची बंदी केंद्राच्या हाती आहे. म्हणून कृषी विभागाबरोबर बसून, रुग्णालयांतल्या विषबाधेच्या नोंदी जोडून, राज्याने केंद्राकडे लेखी मागणी करावी. पेट्यांच्या निविदा काढू नयेत.

पैशाचा प्रश्न आरोग्य विभागाचा नाही, असे मला एका बैठकीत ऐकवले गेले होते. संशोधन मात्र तसे म्हणत नाही. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना थेट रोख मदत देणारी योजना जिथे जिथे पोहोचली, तिथे आत्महत्यांचे प्रमाण १८ टक्क्यांनी घटल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. आपल्याकडे निराधार योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे, म्हणजे दिवसाला ५८ रुपयेही नाहीत. एवढ्या उत्पन्नाचा खरा दाखला कोणाला मिळत नाही. तो मिळवण्यासाठी त्या बाईला तहसीलच्या दारात खोटे बोलायला शिकावे लागते. मरणोत्तर एक लाखाची तरतूद असलेल्या शासनाने ती रक्कम, किंवा तिचा अर्धा भाग, धोक्यात असलेल्या घराला जिवंतपणी देण्याचा विचार करावा, असे मदत व पुनर्वसन विभागाला मी कळकळीने सुचवते. मृत्यूनंतरची मदत बंद करा, असा याचा अर्थ कृपया काढू नये. ती मक्त्याने शेती करणाऱ्याच्या, शेतमजुराच्या आणि शेतात राबणाऱ्या बाईच्या घरालाही मिळायला हवी.

केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणाने २०३० पर्यंत आत्महत्येने होणारे मृत्यू १० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे, आणि त्यातली पहिली मुदत, आत्महत्यांवर देखरेख ठेवणारी परिणामकारक यंत्रणा उभी करण्याची, तीन वर्षांची होती. प्रत्येक जिल्ह्यात ही यंत्रणा आज कोणत्या स्थितीत आहे, हे आपण लेखी जाहीर करावे. देखरेख म्हणजे पोलिसांचे आकडे पुन्हा एकदा टंकलिखित करणे नव्हे. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत विषबाधेने, भाजून किंवा अन्य प्रकारे स्वतःला इजा करून आलेल्या प्रत्येक जिवंत माणसाची, त्याची ओळख गुप्त ठेवून, आरोग्य विभागाने स्वतः नोंद ठेवणे, हा तिचा पाया असायला हवा.

या सगळ्यातून माझी मुख्य मागणी एकच निघते. प्रत्येक तालुक्यात, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली, गावातल्या किंवा आसपासच्या बायकांमधून नेमलेल्या समुपदेशकांची कायम पदे निर्माण करा. त्यांचे वेतन प्रकल्पाच्या निधीतून देऊ नका, विभागाच्या अर्थसंकल्पातून द्या. त्यांनी कोणाकडे जायचे हे रुग्णालयाची नोंद, आशाताईंची सूचना आणि ‘उमेद’च्या बचत गटांतल्या सख्या ठरवतील. गावातला कृषी केंद्रचालकही ते सांगू शकेल, कारण कोणाची उधारी थकून कोणाचे दुकानात येणे बंद झाले, हे बँकेच्या आधी त्याला कळते. त्या समुपदेशकांच्या पाठीमागे महिन्यातून निदान दोनदा तालुक्याला येणारा मानसोपचारतज्ज्ञ असू द्या, आणि रोज मरणाच्या गोष्टी ऐकणाऱ्या या बायकांचे ऐकून घेणारे कोणीतरीही असू द्या. आमच्यासाठी तसे कोणी नव्हते, आणि आमच्यातल्या दोघी जणी त्याच कारणाने काम सोडून गेल्या. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाची पुढची भेट तो ज्या कारखान्यावर असेल त्या तालुक्यातल्या समुपदेशकाकडे सोपवली जावी. बाळाचे लसीकरण जिथे असेल तिथे पूर्ण होते, तशी ही भेटही होऊ शकते.

आणि हे होईपर्यंत, उद्यापासून करता येईल असे एक काम आहे. ग्रामीण रुग्णालयाच्या डिस्चार्ज रजिस्टरमध्ये दोन रकाने वाढवावेत: ‘पहिली भेट कोण घेणार’ आणि ‘कोणत्या तारखेला’. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या माणसाला सुटी देताना हे दोन्ही रकाने भरल्याशिवाय वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सही करू नये, आणि ती तारीख सात दिवसांच्या आतली असावी. माझ्याबरोबर काम केलेल्या अकरा जणींपैकी सात जणी अजून त्याच गावांत राहतात. कोणी शिवणकाम करते, कोणी अंगणवाडीत मदतनीस आहे, कोणी वेचणीला जाते. प्रशिक्षणाच्या वह्या त्यांनी टाकून दिलेल्या नाहीत, आणि पहिल्या रकान्यात नाव लिहायला माणूस नाही असे आपल्या कोणत्याही तालुक्याने कळवले, तर त्यांची नावे मी त्यांच्या संमतीने आपल्याकडे पाठवीन.

आपली,
यवतमाळ जिल्ह्यातली एक माजी गाव-समुपदेशक